'समाप्त'च्या पुढची गोष्ट

आमच्या साडूंनी आजवर एकही वाद गमावलेला नाही. ते फार हुशार आहेत म्हणून नव्हे, तर वाद संपला हेच त्यांनी आजवर एकदाही मान्य केलेलं नाही म्हणून. समोरची माणसं उठून जातात, चहा निवून त्यावर साय धरते, लग्नघरी विषय निघाला असेल तर लग्न लागून पाहुणे जेवूनसुद्धा जातात, पण साडूंच्या बाजूनं वाद चालूच असतो. महिन्यानं, कधी वर्षानं तोच माणूस पुन्हा तावडीत सापडला की "तर काय म्हणत होतो मी" असं म्हणून ते सुटलेलं टोक बरोबर धरतात, आणि त्या बिचाऱ्याला आपण कोणत्या वादात आहोत हे आठवायलाच वेळ लागतो. मला तो त्रास नाही. माझ्याशी त्यांचा वाद एकच आहे, आणि तो जवळपास माझ्या लग्नाइतका जुना आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गुरांचे डॉक्टर. फुलंब्रीकडचं शेतकरी घराणं. सगळी नोकरी सिल्लोड आणि आसपासच्या तालुक्यांत म्हशी-बैलांची दुखणी काढण्यात गेली, आणि आता निवृत्त होऊन शहरात, गारखेड्यात, छोटंसं घर बांधून राहिलेत. अंगानं दणकट, मिशा झुपकेदार, आणि आवाज गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या गड्याला ऐकू जाईल असा. घरात मीठ मागितलं तरी शेजारची बाई दचकते. मी बँकेत होतो, म्हणून मला ते 'बँकवाले' म्हणतात. मी त्यांना डॉक्टर म्हणतो. आम्हा दोघांत साम्य म्हणाल तर सासरे एक, आणि तो दिग्दर्शक एक.

त्या दिग्दर्शकाचं नाव साडूंच्या घरात कुणी घेत नाही. त्याला 'आपला माणूस' म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडं जेवायला गेलो तेव्हा "आपल्या माणसाला लोकांनी लई छळलं हो" असं ते इतक्या कळवळून म्हणाले, की सासरकडचे कुणी काका अडचणीत असावेत असं वाटून मीही चेहरा उतरवून बसलो. मग कळलं, की आपला माणूस म्हणजे पाच सिनेमे काढून, पाचही आपटल्यावर गप्प झालेला आणि गप्पच मेलेला एक मराठी दिग्दर्शक. गंमत अशी की मीही त्याच्या सिनेमांचा भक्त होतो. कॉलेजात असताना त्याचा चौथा सिनेमा बघून मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नव्हतो. मी हे उत्साहानं सांगितलं मात्र, साडूंनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "चौथा? शिंप्याचा?" ते म्हणाले. "अहो, मी तुम्हाला शहाणा समजत होतो!" तिथून जो वाद सुरू झाला तो आजतागायत चालू आहे.

आता लोकांना त्या दिग्दर्शकाचं मोठं कौतुक आहे. मोठमोठी पोरं त्याच्यावर प्रबंध लिहितात, दाढीवाले लोक त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. साडूंना याचा राग येतो. "आपण तेव्हा बघितलंय, मोकळ्या थेट्रात बसून! एवढ्या लांब जागेत आम्ही पाच जण अन् एक कुत्रं!" असं ते सांगतात. त्या पाच सिनेमांना त्यांनी नावंही स्वतःची दिलीत. पहिला 'शाळेचा', तो त्यांना कच्चा वाटतो. तिसरा 'बैलाचा', त्याचा विषय मी चुकूनही काढत नाही, कारण त्यात पहिल्या प्रसंगात बैल डाव्या पायानं लंगडतो आणि पुढच्याच प्रसंगात ताठ चालतो. या एका गोष्टीवर साडू तासभर बोलू शकतात. "मधी औषधपाणी दाखवायला नको का? खूर सुजलाय त्याचा, बैल असा चालतो का कुठं!" पाचवा कुणालाच समजला नाही. साडूंना त्यात झोप लागली होती, पण त्यांच्या मते झोप लागणं हा त्या सिनेमाचाच भाग आहे. चौथा माझा, शिंप्याचा. आणि दुसरा 'फाटकाचा'. हा जगातला सर्वश्रेष्ठ चित्रपट, आणि तो साडूंचा.

हा वाद त्यांनी कुठं घातला नाही असं ठिकाण नाही. एकदा मी सिल्लोडला त्यांच्याकडं मुक्कामाला होतो. भल्या सकाळी एका शेतकऱ्याची अडलेली म्हैस सोडवायला निघाले, मलाही जीपमध्ये घेतलं. म्हशीच्या मागं उभे, उजवा हात खांद्यापर्यंत आत, घामानं डबडबलेले, म्हशीचा मालक देवाचं नाव घेत शेपूट धरून उभा, आणि हे मान वळवून मला विचारताहेत, "मला सांगा, तुमच्या त्या शिंप्याला शेवटी कोट बसतो. बरं. झालं. पुढं काय?" मी म्हटलं, डॉक्टर, आधी म्हैस. "म्हैस चाललीय तिच्या गतीनं," ते म्हणाले, "तुम्ही बोला." मालकानंच मध्ये तोंड घातलं, "साहेब, कुणाचा का कोट असंना, पारडू येऊ द्या." पारडू सुखरूप आलं. ते पुसता पुसता साडूंनी मालकाला फाटकाच्या सिनेमाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आणि निघताना मालकाकडून कबूल करून घेतलं की तोच चांगला आहे. त्यानं दोन्हींतला एकही बघितला नव्हता. जीपमध्ये बसल्यावर मला म्हणाले, "बघा. शेतकरी माणसाला समजतं."

वादात माणूस तापला की हात लांब करून सरळ त्याचा कान चिमटीत धरायचा, ही त्यांची दुसरी खोड. जनावराला ताप आहे का हे कानावरून कळतं, ती सवय. "गरम झालाय कान. म्हणजे तुमच्याजवळ मुद्दा उरलेला नाय," असं ते शांतपणे सांगतात. क्रांती चौकात सिग्नलला उभं असताना त्यांनी एका अनोळखी प्राध्यापकाचा कान असा धरल्याचं मी या डोळ्यांनी बघितलंय. गृहस्थ शेजारच्या स्कूटरवर होते, आमचं बोलणं ऐकून त्यांनी फक्त एवढंच म्हटलं होतं की पाचवाही वाईट नाही. सिग्नल सुटला, मागून हॉर्नचा दणका सुरू झाला, कुणीतरी "ओ चाचा, चलो ना!" म्हणून ओरडलं, पण साडूंनी कान सोडल्याशिवाय तो माणूस तरी कसा जाणार? वर त्यांचं एक तत्त्वज्ञानही आहे. ते म्हणतात, सिनेमा बघणारे दोन जातींचे. एक नुसते खाऊन मोकळे होणारे, आणि दुसरे रवंथ करणारे. "आपण रवंथवाले, बँकवाले. म्हणून तुमच्याशी बोलतो. नायतर तुमच्यात दुसरं काय आहे?"

तुम्ही म्हणाल, एवढ्या वर्षांत मी त्यांना एकदाही हरवू शकलो नाही? कसा हरवणार! फाटकाचा सिनेमा मी बघितलाच नव्हता. मी काय, कुणीच बघितला नव्हता. तो शहरात आठवड्यातच उतरला, त्याची एकुलती एक प्रत काही वर्षं गावोगावच्या तंबूंतून फिरून कुठल्याशा गोदामात खराब झाली असं सगळे म्हणत. टीव्हीवर आला नाही, कॅसेट निघाली नाही. ज्या सिनेमाबद्दल जगात बोलणारा एकच साक्षीदार आहे, त्याच्याविरुद्ध बोलायचं तरी काय? त्यामुळं तो सिनेमा मला साडूंच्या तोंडूनच पाठ झाला होता. एक माणूस भांडून घर सोडून जातो. वर्षानुवर्षं गावोगाव हिंडतो. शेवटी, साडू सांगत, तो भल्या पहाटे आपल्या घरातून निघतो, बायको फाटकात उभी, तो लांब रस्त्यानं चालत चालत ठिपक्याएवढा होतो, आणि पडद्यावर 'समाप्त' अशी पाटी येते.

"अन् आता बघा," इथं साडू उठून उभे राहत. "लोक उठले. चपला शोधायला लागले. आणि पिक्चर पुन्हा सुरू! 'समाप्त'च्या पुढं! तोच माणूस परत येतो. फाटकाशी उभा राहतो. आत येत नाय, हाक मारत नाय, बाहेरच उभा. बायको बघते. आत जाते, तांब्याभर पाणी आणते, एक शब्द न बोलता त्याच्या हातात देते. तो पितो. आणि पडदा पांढरा! काय लिहिलेलं नाय, पाटी नाय, पांढरा! म्हणजे गोष्ट संपलीच नाय, चालूच आहे! सांगा, असा दिग्दर्शक कुठं बघितला तुम्ही, 'समाप्त' म्हणून सांगतो अन् मग खरी गोष्ट सुरू करतो?" मी एकदा विचारलं, की डॉक्टर, तो घरी परत आलाच नव्हता, तर पहाटे घरातून निघाला कसा? त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "तोच तर पिक्चर आहे!" ते म्हणाले. मला तेही पटलं. त्या दिग्दर्शकाचं काही सांगता येत नाही, त्यानं शिंप्याच्या सिनेमात एक अख्खं गाणं नुसत्या शिलाई मशीनच्या आवाजावर काढलं होतं.

पण त्या सिनेमाची खरी गंमत थेट्रात नव्हती, साडूंच्या घरात होती. साडू आणि अक्का (माझ्या बायकोची थोरली बहीण, तिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो) यांचं अधूनमधून कडाक्याचं वाजतं. कारण काहीही चालतं. भाजीत दाण्याचं कूट जास्त पडलं इथपासून पोरीचं लग्न कुठं करायचं इथपर्यंत. आवाज चढला की साडू चपला पायात सरकवून ताडकन बाहेर पडतात आणि चालत क्रांती चौकापर्यंत जातात. तिथून परत येतात आणि आपल्याच घराच्या फाटकाबाहेर येऊन उभे राहतात. बेल वाजवत नाहीत, हाक मारत नाहीत. अक्का खिडकीतून बघतात. मग तांब्याचा तांब्या भरून बाहेर येतात, एक शब्द न बोलता हातात देतात, साडू गटागटा पितात, मिशा पुसतात आणि आत येतात. भांडण संपलं. कोण चुकलं, कोण बरोबर, याची चर्चा नाही. या एकाच बाबतीत साडू वाद सोडून देतात. सगळ्या गल्लीला हे ठाऊक आहे. समोरचे गृहस्थ फाटकाशी उभ्या साडूंना बघून "अजून पाणी नाही झालं का, डॉक्टर?" असं सहज विचारतात, जसं जेवण झालं का विचारावं तसं.

हे सुरू कुठून झालं तेही साडूंनी मला सांगितलं होतं. नवं लग्न, सिल्लोडला बदली. आमचे सासरे लेकीला बघायला पहिल्यांदाच आले, आणि नेमके त्या दिवशी हे कुठल्या तरी वस्तीवर गाय बघायला गेले ते दुसऱ्या दिवशी उगवले. सासरे वाट बघून निघून गेले होते. अक्कांनी ट्रंक भरली. साडूंना 'चुकलं' हा शब्द तेव्हाही येत नव्हता, आजही येत नाही. काय करावं सुचेना म्हणून त्यांनी बायकोला म्हटलं, "जायचं ते उद्या जा, आज गावात पिक्चर लागलाय." तंबूतलं थेटर, खाली सतरंजी. तिथं हा फाटकाचा सिनेमा बघितला. परत आल्यावर हे दाराबाहेर उभे राहिले, आत जायची हिंमत होईना. अक्का आत गेल्या आणि तांब्या घेऊन बाहेर आल्या. ट्रंक तशीच राहिली. "आपल्या माणसानं माझा संसार वाचवला," असं साडू म्हणतात, आणि तेव्हा त्यांचा आवाजसुद्धा माणसाएवढा होतो.

तर असं सगळं ठीक चाललं असताना गेल्या उन्हाळ्यात बातमी आली की फाटकाच्या सिनेमाची प्रत सापडली. कुठल्या तरी जुन्या माळ्यावर डबे मिळाले, कुणीतरी ते परदेशी नेऊन स्वच्छ करून आणले, आणि आपल्या शहरातलं एक चित्रपट मंडळ तो रविवारी सकाळी दाखवणार होतं. मला एवढा आनंद झाला! आता मी बघणार, आणि मग साडूंना मुद्द्यागणिक पाणी पाजणार. त्याच दुपारी अक्कांचा फोन आला.

"भाऊजी, ह्यांना तो पिक्चर बघायला नेऊ नका."

मी म्हटलं, अहो, काय सांगता! तीस-पस्तीस वर्षं वाट बघताहेत ते.

"म्हणूनच," अक्का म्हणाल्या. पलीकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "मी तो लग्नाआधी बघितलेला होता. परभणीला, कॉलेजात असताना. तो आधी परत येतो. बायको पाणी देते. आणि पहाटे ती झोपेत असताना उठून पुन्हा निघून जातो, ती फाटकात येते तेव्हा तो लांब गेलेला असतो. मग 'समाप्त'. कायमचा जातो तो, भाऊजी. सिल्लोडच्या तंबूवाल्यानं शेवटची दोन रिळं उलटी लावली होती."

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असेल तर, जिंकलो! एवढी वर्षं ज्या 'समाप्त'नं मला छळलं, ते एका तंबूवाल्याच्या झोपाळू डोळ्यांचं काम! पण अक्का पुढं बोलत होत्या. "त्या दिवशी मी जायचंच ठरवलं होतं. पण पिक्चर उलटा बघून हे असे काही खूश झाले, दाराशी असे उभे राहिले... मला वाटलं, ह्यांचा पिक्चर मूळच्यापेक्षा बरा आहे. तेव्हापासून पाणी देतेय. आता ह्या वयात त्यांना कुणी सांगावं का, की ते चुकून होतं? ते पुन्हा फाटकाशी उभे राहतील का, भाऊजी?" मी त्यांना म्हटलं, काळजी करू नका, मी बघतो. काय बघणार होतो कुणास ठाऊक.

कारण तोवर उशीर झाला होता. गुरांच्या निवृत्त डॉक्टरांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यावर बातमी पोचली होती. संध्याकाळीच साडू माझ्या दारात, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात चार पास. "बँकवाले," ते म्हणाले, "रविवारी तुमचा शिंपी मेला म्हणून समजा." मी नाना कारणं काढली. ऊन फार आहे म्हटलं, आवाज नीट नसतो म्हटलं, लहानपणीचा पदार्थ मोठेपणी खाऊ नये तसं आहे म्हटलं. त्यांनी माझा कान धरून बघितला. "गरम आहे," म्हणाले, आणि हसत निघून गेले.

रविवारी आम्ही चौघं गेलो. साडू आणि मी, अक्का आणि माझी बायको. सभागृह दाढ्या आणि झोळ्यांनी भरलं होतं. साडू मधोमध बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, जत्रेत कुस्ती बघायला बसावं तसे. सुरुवातीला ते मला कोपरखळ्या मारत होते, "हे बघा, हे बघा." सिनेमा खरंच फार सुंदर होता, मी आता मोकळेपणानं सांगतो. मग तो माणूस परत आला. फाटकाशी उभा राहिला. गोठ्यात गाय होती, पोटाला टच्च, आज-उद्या विणारी. बायको पाणी घेऊन आली. साडू कुजबुजले, "हे आत्ताच कसं आलं?" त्यांची कुजबुज चार रांगांत ऐकू गेली. पुढं पहाट झाली. गाय विलेली, ओलं वासरू तिला लुचत होतं. माणूस उठला, वासराकडं बघून क्षणभर थांबला, आणि निघाला. रस्ता, ठिपका. 'समाप्त'. दिवे लागले. मी साडूंकडं बघायचं धाडस केलं नाही. मी अक्कांकडं बघितलं, त्या पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या.

टाळ्या सुरू झाल्या आणि साडू उभे राहिले. "ओ मंडळवाले!" टाळ्या थांबल्या. "रिळं उलटी लावलीत तुम्ही! शेवटचं आधी अन् आधीचं शेवटी! एवढा मोठा माणूस, अन् त्याचं असं करता व्हय?" मंडळाच्या बाई माइकवरून शांतपणे म्हणाल्या, "काका, आता रिळं नसतातच हो, सगळं कॉम्प्युटरवर..." आणि त्यांनी आधारासाठी म्हणून शेजारी बसलेल्या माझ्याकडं बघितलं. सगळेच माझ्याकडं बघायला लागले. बघा, केवढी संधी! तीस-पस्तीस वर्षांचा वाद एका वाक्यात संपला असता. मी उठलो आणि म्हटलं, "बाई, डॉक्टर बरोबर बोलताहेत. यांनी मूळ प्रत बघितलीय. तुमच्या कॉम्प्युटरात उलटंच भरलंय." दाढीवाले माझ्यावर हसले. हसू देत.

परतताना गाडीत साडू नेहमीसारखे ओरडत नव्हते, पण "असं कसं करतात हो" असं मध्येच म्हणत होते. सगळं निभावलं असं मला वाटलं, आणि तेवढ्यात माझ्या बायकोनं, जिला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं, मागच्या सीटवरून सांगितलं, "अक्का, अगं हाच ना तो? परभणीला मैत्रिणींबरोबर चोरून बघायला गेलीस आणि आईनं केवढा गोंधळ घातला होता!" पुढं गारखेडा येईपर्यंत माझी बायको "काय झालं?" असं मला आरशातून खुणेनं विचारत राहिली आणि मी रस्त्याकडं बघत गाडी चालवत राहिलो.

घरी पोचलो. टळटळीत दुपार. अक्का कुलूप काढून आत गेल्या. साडू गाडीतून उतरले आणि फाटकाबाहेरच उभे राहिले. भांडण झालेलं नव्हतं, तरी उभे राहिले. मी आणि माझी बायको गाडीजवळ. अक्का तांब्या घेऊन आल्या, नेहमीसारख्याच, आणि त्यांच्या हातात दिला. साडूंनी तो धरला, पण प्यायले नाहीत.

"परभणीला," त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता, "परभणीला कशी लावली होती गं रिळं?"

अक्कांनी त्यांच्याकडं बघितलं. "उलटी," त्या म्हणाल्या. "तिथंही उलटीच लावली होती मेल्यांनी. सिल्लोडला तेवढी बरोबर लागली होती. प्या आता, ऊन लागतंय." साडू प्यायले. सगळा तांब्या संपवला, मिशा पुसल्या, आणि आत गेले.

त्यानंतरचे दोन-तीन रविवार माझे फार वाईट गेले. साडू अक्कांना घेऊन आमच्याकडं येत, मुरमुऱ्यांचा सुशीला खात, पेपर चाळत, आणि सिनेमाचं नाव काढत नसत. एकदा तर "तुमचा तो शिंप्याचाही वाईट नाय हो," असं म्हणाले. मी घाबरलो. माणसाला काही झालंय की काय! शेवटी मीच सुरुवात केली. म्हटलं, "डॉक्टर, शिंप्याचा चांगला, पण त्यात 'समाप्त'च्या पुढं काही आहे का? नाही ना?"

साडूंनी कपातला चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "बँकवाले, ती गाय बघितली का तुम्ही? येतो तेव्हा गाभण, जातो तेव्हा वासरू. सिल्लोडला मी आधी वासरू बघितलं असणार अन् मग गाभण गाय. जनावरांचा डॉक्टर मी, बैलाचा खूर सुजलेला मला पडद्यावर दिसतो. अन् गाय दिसली नाय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं बाकीच्या सिनेमांतलं कुत्रंमांजरसुद्धा त्यांनी मला सांगितलं होतं, पण फाटकाच्या सिनेमात गाय आहे हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलंच नव्हतं. मी विचारलं, "अहो, पण दिसली कशी नाही?"

"गाईकडं कोण बघत होतं?" साडू म्हणाले. "ही उठून जाते का काय, म्हणून सगळा वेळ मी हिच्याकडं बघत होतो."

स्वयंपाकघरात माझ्या बायकोशी अक्कांच्या गप्पा चालल्या होत्या, त्या थांबल्यासारख्या वाटल्या. साडूंनी बशीतला चहा एका घोटात संपवला, बशी टेबलावर आपटली, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा त्यांच्या जुन्या आवाजात म्हणाले, "अन् म्हणून शिंप्याचा चांगला ठरत नाय हां! तर काय म्हणत होतो मी..."